मुद्दल तुझं, व्याज माझं

सुरेंद्र केंद्रे माझा शेजारी. तळेगाव दाभाड्यात स्टेशनच्या अंगाला आमची तीन मजली सोसायटी आहे आणि दुसऱ्या मजल्यावर त्याच्या माझ्या घरात भिंत एकच. भिंतीचं मुद्दाम सांगतेय. त्याच्या घरची मालिका कुठवर आली, सासूनं सुनेला काय सुनावलं, हे मला माझ्या ओट्यापाशी भाजी चिरता चिरता कळायचं, आणि माझ्या घरात टीव्ही नाही. एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, आता निवृत्तीत तरी शांतता हवी की नको? मी दोनदा जाऊन बोलले. दोन्ही वेळा त्यानं "सॉरी मॅडम" म्हणत आवाज कमी केला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

एवढं सोडलं तर असा शेजारी मिळायचा नाही. दिवाळीला गावी अहमदपूरला जायचं तिकीट त्याच्याकडे गणपतीतच असतं. सोसायटीची टाकी धुवायची, गच्चीची गळती काढायची, पंपवाल्याला बोलवायचं, हे आम्हा बाकीच्यांना सुचेपर्यंत तो तीन जणांकडून भाव आणून बसलेला असतो. लातूर जिल्ह्यातून आयटीआय करून चाकणला आला, एका कंपनीत प्रेसशॉपला लागला, पर्मनंट झाला, फ्लॅट घेतला. नशीब काढलं असं कुणी म्हटलं की त्याच्या कपाळावर आठी येते. "नशीब कशाचं मॅडम, ठरवून केलंय," म्हणतो. आणि ते खरंच आहे. शेखी मिरवत नाही, पण कमीपणाही घेत नाही.

प्रेसशॉप म्हणजे जिथं मोठ्या यंत्राखाली पत्रा दाबून गाड्यांचे भाग काढतात तो विभाग. तिथं शेजारच्या माणसाशी खुणांनीच बोलावं लागतं. म्हणून माणूस टिकत नाही, आणि माणूस टिकत नाही म्हणून ओव्हरटाइम मागाल तेवढा. वर वेगळा भत्ता. आमच्या या चाकण-पिंपरीच्या पट्ट्यात एक गंमत आहे. ओव्हरटाइम हा पगारच समजतात. कंपनीनं तो देईन असं कधीच कबूल केलेलं नसतं, उद्या ऑर्डर कमी झाली की तो बंद. तरी फ्लॅट ओव्हरटाइमवर, गाडी ओव्हरटाइमवर, बहिणीचं लग्न ओव्हरटाइमवर. पगार किती विचारलं तर माणूस ओव्हरटाइमसकट सांगतो. सुरेंद्रसारखा सावध माणूसही त्याला अपवाद नव्हता. त्याचं गणित सरळ होतं. पगारातून घर आणि फ्लॅटचा हप्ता. ओव्हरटाइम आणि भत्त्यातून अनुयाचं शिक्षण.

अनुया ही त्याची एकुलती एक मुलगी. दहावीपर्यंत गणिताला माझ्याकडे यायची. तिच्या भोसरीच्या मामाचा मुलगा जन्मतःच ऐकू न येणारा. मामीला दुसरं बाळ झालं तेव्हा वर्षभर अनुया त्या पोराला घेऊन दर आठवड्याला पुण्याला जात होती. तिथं एक बाई त्याच्या कानाला यंत्र बसवून त्याला बोलायला शिकवायच्या. तोंडापुढे कागद धरून, गालाला हात लावून, खेळत, रागावत. एके दिवशी त्या पोरानं मागून अनुयाला "ताई" अशी हाक मारली. ती घरी आली ती हेच करायचं ठरवून. कान तपासायचे आणि बोलायला शिकवायचं, याची चार वर्षांची पदवी असते.

सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांनी तोंडं वाकडी केली. या पट्ट्यात बारावीनंतर इंजिनिअरिंग हाच रस्ता, बाकी सगळ्या पायवाटा. सुरेंद्रनं मात्र मुलीला तीनच गोष्टी विचारल्या. किती वर्षं, किती खर्च, आणि सुटल्यावर हातात किती? "पॅकेज नको सांगू. हातात काय पडतंय ते सांग."

पोरगी बापाचीच. ती कॉलेजच्या शेवटच्या वर्षाच्या मुलींना भेटली, नोकरी करणाऱ्या दोघींना भेटली, आणि ज्या सांगायला लाजत होत्या त्यांच्यासमोर "मी पण याच धंद्यात पडणार आहे, खरं सांगा" म्हणून हटून बसली. उत्तर आलं, सुरुवातीला वीसेक हजार, चार-पाच वर्षांनी बरं, पुढं शिकलं आणि स्वतःचं क्लिनिक काढलं तर चांगलं. खर्च वर्षाला दीड लाख. सुरेंद्र ते सगळं घेऊन माझ्याकडे आला. मी तपासलं आणि म्हटलं, आकडे बरोबर आहेत, पण सगळा भार ओव्हरटाइमवर कशाला, थोडं शैक्षणिक कर्ज काढ ना.

"कर्ज न्हाई मॅडम," तो म्हणाला. "पोरीच्या नावावर तर मुळीच न्हाई. सोयरिकीत पहिला प्रश्न त्योच येतोय. अन् दुसरं सांगू का? माझा पहिला पगार मी पाकीट न फोडता गावाकडं दिलाय. रीतच हाय ती, त्याचं काय वाईट वाटत न्हाई. पण हिचा पहिला पगार हिच्याच हातात पडावा, कुणाचा हप्ता म्हणून जाऊ नये. एवढंच बघायचंय मला."

दोन वर्षं त्यानं फी अशी भरली की कॉलेजच्या कार्यालयातली माणसं त्याला नावानं ओळखायला लागली. मुदतीच्या आठवडाभर आधी, न चुकता. सकाळी कंपनीच्या बसनं जायचा तो रात्री जेवायलाच उगवायचा. चेहऱ्यावर थकवा असायचा, पण तो समाधानाचा थकवा, असं मला वाटायचं.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी, एप्रिलमध्ये, अनुयाला कॉलेजच्या दवाखान्यात शिकवणाऱ्या बाईंच्या देखरेखीखाली काही माणसांचे कान तपासून दाखवायचे होते. तिनं आधी मला नेलं. माझे कान ठणठणीत निघाले. "तुमच्या मालिका पाठ झाल्यात ते उगाच नाही," मी म्हटलं, तर ती खळखळून हसली. पुढच्या गुरुवारी, सुरेंद्रला सुट्टी असते त्या दिवशी, तिनं त्याला नेलं.

त्या संध्याकाळी ती स्वतःच्या घरी न जाता माझ्याकडे आली. पाणी दिलं तर ग्लास तसाच ठेवला. मग बोलायला लागली.

तपासणी अशी असते. माणसाला बंद खोलीत बसवतात, कानावर हेडफोन, हातात बटण. तपासणारा काचेच्या पलीकडे यंत्रापाशी. बारीक, जाड, लहान, मोठे आवाज सोडतात. ऐकू आला की बटण दाबायचं. सुरेंद्रनं सगळी बटणं बरोबर दाबली. अनुयाला कौतुक वाटलं, बावीस वर्षं प्रेसशॉपला काढून पप्पांचे कान लहान मुलासारखे! मग तिला शिकवल्याप्रमाणे तिनं मध्येच नुसता हात हलवला, आवाज सोडलाच नाही. सुरेंद्रनं बटण दाबलं. तिनं पुन्हा तसंच केलं. त्यानं पुन्हा दाबलं.

"काकू, ते माझ्या हाताकडे बघत होते," अनुया म्हणाली. "कानानं नाही, डोळ्यानं परीक्षा देत होते. मी आत गेले आणि त्यांची खुर्ची भिंतीकडे फिरवली. परत आले, आवाज सोडला. वाढवला. आणखी वाढवला. यंत्रावरचा दिवा लागत होता आणि पप्पांचा अंगठा हलतच नव्हता. त्यांना कळतसुद्धा नव्हतं की काही चालू आहे. नुसते शांत बसले होते भिंतीकडे बघत." आणि ती रडायला लागली. मी तिला लहानपणापासून ओळखते. वर्गात कमी मार्क पडले तरी रडणारी नाही ती.

थोड्या वेळानं सुरेंद्र आणि त्याची बायको रुपाली दोघं आली, मुलगी इथंच असणार हे ओळखून. सुरेंद्र ओशाळला होता, पण फार नाही.

"त्याचं काय हाय मॅडम, दरसाल कंपनीत तपासणीची गाडी येती," तो समजावून सांगू लागला. "कान गेला असं निघालं की प्रेसवरून काढून स्टोअरला टाकतेत. पगार तेवढाच, पण भत्ता बंद, ओव्हरटाइम बंद. मग समदीच पोरं हाताकडं बघून बटण दाबतेत. कुरुळीचे दत्तोबा हायेत आमच्यात, सगळ्यात जुने, त्यांनी शिकवलंय. तपासणाऱ्याचा खांदा जरा हालला की दाबायचं." हे सांगताना त्याच्या आवाजात थोडं कौतुकच होतं. मला तर त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली, पण तिथं आधीच पुरेसं नुकसान झालेलं.

"आणि कानात घालायला बोळे देतात ते?" मी विचारलं.

"ते घातले तर डायचा, म्हंजे पत्रा दाबायच्या साच्याचा, आवाज कळत न्हाई. आवाज बदलला की हात मागं घ्यायचा असतोय. बोळे घालून बोटं घालवायची का?"

अनुयानं डोळे पुसले. "पप्पा, किती वर्षं?"

"आता दोनच राहिलेत तुझी. तवर काय व्हायलंय? तुझं झालं की मी स्वतःहून सांगतो, घ्या काढून प्रेसवरून."

"कान परत येत नाहीत. ताप नाही तो, उतरायला. गेलं ते गेलं, आणि तुम्ही जोवर तिथं उभे आहात तोवर रोज जातंय." ती आता रडत नव्हती. "माझ्या नावावर कर्ज नको म्हणता ना? कर्ज तर तुम्ही कधीच काढलंय. स्वतःच्या कानांवर. आणि हे फेडताही येत नाही कुणाला. मी दुसऱ्यांचे कान तपासायला शिकायचं ते बापाचे कान विकून? मला नको असली डिग्री."

"अगं, असं काय बोलायलीस—"

"डिग्री पाहिजे मला. पण अशी नको."

सुरेंद्र हट्टाला पेटला. सगळं ठरलंय, दोन वर्षांचा प्रश्न आहे, आता ऐन वेळी घडी मोडायची नाही. तो जरा जास्तच मोठ्यानं बोलत होता, आणि पहिल्यांदाच मला कळलं की तो नेहमीच जास्त मोठ्यानं बोलतो. तेवढ्यात रुपाली बोलली. ती फारशी बोलत नाही बाहेर. आत मात्र तिचा आवाज सोसायटीभर.

"चार वर्षं झालं, मी ह्यांच्याशी ओरडूनच बोलायले," ती म्हणाली. "मीठ पाहिजे का, तर ओरडून. अनूला बरं न्हाई, तर ओरडून. कवा एखादी मनातली गोष्ट सांगावी म्हटलं तर ती ओरडून कशी सांगायची? मग सांगतच न्हाई मी. सगळ्यांना वाटतंय केंद्र्यांच्या घरी रोज भांडण. भांडण कसलं? नवराबायकोनं भांडायला बी एकमेकांचं ऐकू तर यावं लागतंय."

हे ती माझ्याकडे न बघता म्हणाली, एवढे उपकार. पण सगळं म्हणताना तिचा आवाज नेहमीपेक्षा खाली होता, आणि सुरेंद्र तिच्या ओठांकडे एकटक बघत होता. त्याला सगळं कळलं की अर्धं, ते मी सांगू शकत नाही. तो उठला, चपला घातल्या आणि घरी गेला. मला त्याची दया आली आणि रागही आला. दोन्ही एकदम येतात कधीकधी.

पुढच्या गुरुवारी सकाळी त्यानं बेल वाजवली. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट, मागे अनुया. आठवडाभरात स्वारी बँकेत जाऊन आली होती, एका नव्हे, तीन बँकांत. तीन जणांकडून भाव आणल्याशिवाय सुरेंद्रला चैन पडत नाही. कर्जालाही त्यानं तोच न्याय लावला.

"मॅडम, बसा अन् तपासा," त्यानं टेबलाशी खुर्ची ओढली. "उरलेल्या दोन वर्षांचे तीन लाख. बँक तारण मागत न्हाई, बाप म्हणून माझी सही लागती फक्त. पोरगी शिकती तोवर हप्ता न्हाई, पण व्याज चढतंय. ते मी दर महिन्याला भरायचं. पहिल्या वर्षी बाराशे-साडेबाराशे, सगळे पैसे उचलल्यावर अडीच हजार. माझ्या नुसत्या पगारातून निघतेत, ओव्हरटाइमला हात न लावता. बघितलंय मी. म्हंजे ती सुटंल तवा तीन लाखाचे तीनच लाख राहतेत, फुगत न्हाईत. मुद्दल तिचं, व्याज माझं."

"मला विचारलंत का?" अनुया म्हणाली, पण तिचे डोळे हसत होते.

"विचारायलोय की आता. मुद्दल तुझं, व्याज माझं. जमतंय का?"

मी कागद घेऊन बसले. तीन लाख सात वर्षांत फेडायचे तर महिन्याला पाचेक हजार. वीस हजारांतले पाच हजार. जड आहे, पण उचलता येईल असं. आणि पगार वाढला की आधीही फेडता येतं. मी मुद्दाम दोनदा गुणाकार केला, कारण माझ्या लक्षात आलं की माझ्या हो म्हणण्यावर बरंच काही अवलंबून आहे. बरोबर होतं.

"आणि सोयरिकीत विचारलं तर?" मी त्याला चिडवायला म्हटलं.

"सांगू की. पोरगी स्वतःच्या पायावर उभी हाय, कर्ज बी स्वतःच फेडती. ज्याला भ्या वाटंल त्यानं चहा पिऊन जावं."

"आणि पहिला पगार?"

इथं तो मिशीत हसला. हे त्यानं राखून ठेवलं होतं. "शिक्षण संपल्यावर वर्षानं हप्ता चालू होतोय मॅडम. पहिला पगार बँक मागतच न्हाई. मला आधी ठाऊक असतं तर दोन वर्षं कशाला..." पुढचं त्यानं गिळलं. मग पुन्हा म्हणाला, "असू द्या. आता ठाऊक झालंय."

मला त्या क्षणी या माणसाचा फार अभिमान वाटला. ठरवलेलं मोडायला लागलं की माणसं एकतर रडतात नाहीतर हट्ट धरतात. यानं हट्ट धरला, आठवडाभर, आणि मग बसून नवीन ठरवलं. पण एक गोष्ट अजून व्हायची होती. कागदावर सगळं जुळत होतं, पण कंपनीच्या दप्तरी सुरेंद्रचे कान अजून शाबूत होते. प्रेसवरून उतरायचं तर नुसतं सांगून भागणार नव्हतं, तपासणीच्या गाडीत, सगळ्या पोरांदेखत, खरं बटण दाबायला हवं होतं. आणि एकानं खरं दाखवलं की उरलेल्यांकडे संशयानं बघणार, हे त्यालाही कळत होतं. रोजचा डबा ज्यांच्यासोबत खातो त्यांच्या ओव्हरटाइमवर पाय द्यायचा होता.

गाडी जूनमध्ये आली. त्या दिवशी काय झालं ते मला सुरेंद्रनं सांगितलं नाही, दत्तोबांनी सांगितलं. त्या आठवड्याच्या गुरुवारी ते कुरुळीहून मोटारसायकलवर आले, केंद्र्यांना शेतातल्या मेथीच्या जुड्या घेऊन. मी तिथंच होते. पांढरी टोपी, रुंद पंजे, आणि आवाज असा की आमच्या तळमजल्यावरच्या लोकांनाही फुकट ऐकायला मिळालं.

"बाई, आमी समदी गाडीच्या दारात रांगंत," ते मला म्हणाले. "दार उघडंच व्हतं उकाड्यापायी. ह्याचा नंबर आला. आत ग्येला, बसला. तपासणारं पोरगं यंत्राकडं वळलं, तर ह्यो उठला अन् खुर्चीच फिरवली! भिताडाकडं त्वांड, आमच्याकडं पाठ. पोरगं म्हनालं, काका, असं न्हाई बसायचं, इकडं बघून बसा. तर ह्यो काय म्हनला सांगू? 'असंच बसायचं असतंय. माझी पोरगी शिकती ह्ये.'"

सुरेंद्र खाली बघून मेथी निवडत बसला होता. रुपालीनं चहा आणला तो तिच्या हातातच राहिला.

"मग?" मी विचारलं.

"मंग काय! बटण काय दाबतोय त्यो, कप्पाळ! आमी बाहीर बघतोय, ह्यो आपला मान खाली घालून बसलाय. येकदा दाबलं, दोनदा दाबलं, झालं. पोरगं लिवतंय अन् ह्यो बसलाय. रांगंत येकजण लई तापला, म्हनला, ह्यानं आमची बी वाट लावली. लागली बी थोडी. मागची दोन पोरं खुर्ची फिरवूनच बसली, ह्याचं बघून. त्यांचं बी कमी निघालं. धा जणं ह्याच्याशी बोलंना झाल्यात आता."

"आणि तुम्ही?"

दत्तोबांनी टोपी सारखी केली. "मी न्हाई फिरवली. खोटं कशाला सांगू? माझं दीड वरीस ऱ्हायलंय. मी पोराच्या खांद्याकडं बघूनच दाबलं, व्हय. समदं बरोबर निघालं माझं." मग त्यांनी अनुयाला जवळ बोलावलं आणि त्यांच्या मानानं हळू आवाजात, म्हणजे फक्त आमच्या मजल्याला ऐकू जाईल असं, विचारलं, "पोरी, सुट्टीच्या दिशी माझं बी बघशील का गं? कंपनीला न सांगता?"

"बघीन, आजोबा," अनुया म्हणाली. "पण खुर्ची मी फिरवणार."

सुरेंद्रला जुलैपासून स्टोअरला टाकलं. भत्ता गेला, ओव्हरटाइम गेला. नुकसानभरपाईचं युनियन बघतेय. मिळेल तेव्हा मिळेल, त्यानं ती आपल्या हिशोबात धरलेली नाही. संध्याकाळी साडेसहाला घरी येऊ लागला. पहिले काही दिवस त्याला त्या रिकाम्या वेळाचं काय करायचं कळेना, मग त्यानं सोसायटीच्या पार्किंगच्या रेघा नव्यानं आखल्या आणि आम्हा सगळ्यांना वात आणला. त्या दहांतली दोन पोरं अजून त्याच्याशी बोलत नाहीत. त्याला त्याचं लागतं, मी विचारलं तर म्हणतो, लागतं. पण पश्चात्ताप होतो का विचारलं तर नाही म्हणून मान हलवतो.

जुलैच्या शेवटी अनुयाच्या कॉलेजच्या दवाखान्यात त्याच्या कानाच्या यंत्रांची जोडी बसवून बघायची होती. कर्मचाऱ्यांच्या आणि विद्यार्थ्यांच्या घरच्यांना तिथं सवलत मिळते. सुरेंद्रनं ती सवलत किती टक्के हे आधीच काढून ठेवलं होतं. रुपालीनं मलाही चला म्हटलं. आम्ही दोघी भिंतीकडेच्या बाकावर बसलो. अनुयाच्या बाईंनी यंत्रं बसवली, आवाज जुळवला आणि म्हणाल्या, "आता शब्द म्हणून बघू. अनुया, तूच म्हण. मागे उभी राहा, चेहरा दिसता कामा नये."

अनुया वडिलांच्या पाठीमागे दोन हातांवर उभी राहिली. पांढरा कोट, केसांचा घट्ट अंबाडा. ती साध्या, खालच्या आवाजात एकेक शब्द म्हणायला लागली आणि सुरेंद्र समोरच्या भिंतीकडे बघत तो पुन्हा म्हणू लागला. पंखा. शाळा. साखर. फणस. सुरुवातीला अडखळला, मग सरळ चालला. यंत्रातून आवाज जरा पत्र्यासारखा येतो म्हणाला, बाई म्हणाल्या सवय होईल. पुन्हा शब्द. आता तर तो ती म्हणेपर्यंत वाट बघत बसायचा, पुढचा येऊ द्या म्हणून. रुपालीनं माझा हात कधी धरला ते मला कळलं नाही.

शब्द संपले. बाई यंत्राकडे वळल्या. अनुया तिथंच मागे उभी होती. तिनं आवाज अजिबात न वाढवता, रोज आपण घरात बोलतो तसं म्हटलं, "पप्पा, सकाळी बँकेतून पैसे आले. माझी फी जमा झाली."

सुरेंद्रनं वळून बघितलं नाही.

"पावती घेतलीस का?" तो म्हणाला.

"घेतली," अनुया म्हणाली, तेही मागूनच.